उराडे बाईंचा संशय

माझं जे काही बरं झालं ते कुणामुळे, असं कुणी विचारलं तर मी एकच नाव सांगतो: शकुंतला उराडे. मुंबईत ज्या प्रयोगशाळेत मी तोंडाच्या कॅन्सरवर काम करतो, तिथल्या लोकांना हे नाव आता पाठ झालं आहे. ते विचारतात, फार प्रेमळ आहेत का त्या? मी म्हणतो, नाही, फार संशयी आहेत.

त्यांना वाटतं मी गंमत करतो. पण उराडे बाई ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. नागपूरच्या पलीकडे, मूल नावाच्या तालुक्यात, तलावाच्या पाळीखाली आमचं गाव. तिथून मी अकरावीला तालुक्याच्या कॉलेजात आलो, तेव्हा बाई तिथे प्राणिशास्त्र शिकवत होत्या. बाकी सगळ्या प्राध्यापिकांना मुलं मॅडम म्हणायची. बाईंना ते चालत नसे. "मॅडम म्हटलं की मले वाटते, कोनी काही विकून राह्यलं," असं त्या म्हणत.

बस स्टँडमागे दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. कुलूप लावलं की ओढून बघत, चार पावलं जाऊन परत येत आणि पुन्हा ओढत. दूधवाल्यासमोर दुधाचा थेंब नखावर घेऊन तो कसा ओघळतो ते बघत, आणि दूधवाला तोवर आभाळाकडे बघत उभा राही. औषधाच्या पट्टीवरची तारीख उजेडात धरून वाचत. पेपर वाचताना हातात पेन्सिल असे. बातमी वाचून झाली की समासात प्रश्नचिन्ह काढत. कधीकधी अख्ख्या पानावर प्रश्नचिन्हंच दिसत. त्यांचं लग्न झालं होतं की नाही, माहेर कुठलं, हे आम्हाला कधी कळलं नाही. विचारायची कुणाची हिंमत नव्हती, आणि विचारलं असतं तर "तुले कायले पाहिजे?" असं उत्तर आलं असतं.

पहिल्या दिवशी माझ्यावरही संशयच घेतला. मी दहावीला शाळेत पहिला आलो होतो. गुणपत्रिका बघून बाई म्हणाल्या, "हे मार्क तुझे का सेंटरचे?"

आमच्या भागातल्या काही परीक्षा केंद्रांवर खिडकीतून चिठ्ठ्या येतात हे सगळ्यांना माहीत होतं. मला रडू यायला लागलं. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. कपाटातून एक पुडी काढली आणि माझ्या तळहातावर एक खवला ठेवला.

"हे का आहे?"

"माशाचा खवला."

"कोनत्या?"

"रोहूचा."

"कशावरून?"

माझे वडील तलावावर मासे धरतात. खवले बघत मी मोठा झालो. कशावरून, असं मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी म्हणालो, "रोहूचाच आहे, बाई."

"मृगळचा काऊन नाई?"

मी खवला उलटा करून बघितला. बाई म्हणाल्या, "मंग तुले माहीत नाई. तुले सवय आहे. दोन्हीत फरक आहे, तो शिकाले ये रविवारी."

रविवारी कॉलेजच्या मागच्या खोलीत बाईंचा वर्ग भरत असे. भंगारात निघालेला एक सूक्ष्मदर्शक त्यांनी मागून घेतला होता. त्याचं एक भिंग बदललं होतं आणि स्क्रूच्या जागी सायकलचा नट होता. वर्गाला यायचो आम्ही सहा-सात जण: कुणाचं धानाचं शेत, कुणाचा बाप माजरीच्या कोळसाखाणीत रोजंदारीवर, एक मुलगी पार भामरागडहून आलेली, जिचा पावसाळ्यात रस्ता बंद झाला की घरचा निरोप महिनाभर येत नसे. माझ्याबरोबर वनिता होती, शेजारच्या गावातली, सोयाबीन-कापसाच्या घरातली. तिच्या तोंडाला कधी विसावा नसायचा, आणि बाईंना उलट प्रश्न विचारणारी ती एकटीच.

बाईंनी हा वर्ग का सुरू केला हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं, तेही रागात. आमच्याकडे पानठेल्यावर खर्रा मिळतो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून करतात आणि दिवसभर गालात धरतात. शाळकरी पोरंही खातात. हळूहळू गालाची आतली कातडी ताठ होते, तोंड उघडेनासं होतं, आणि काहींना पुढे कॅन्सर होतो. नुसती सुपारीही त्याला पुरे, असं बाई सांगत. "आपल्या इकडून नागपूरले, मुंबईले फक्त बिमार तोंडं जातेत," बाई म्हणाल्या. "पाहणारे तिकडचे. तपासणारे तिकडचे. काऊन? एक तरी पाहणारा इथून गेला पाहिजे." मग त्यांनी आम्हाला दात कोरायच्या काडीनं गाल आतून खरवडायला लावलं आणि काचेवर आमच्याच पेशी दाखवल्या.

त्या काडीवरून गावात बोभाटा झाला. बाई पोरांच्या गालाचं कातडं मुंबईला विकते, असं स्टँडसमोरचा पानठेलेवाला सांगू लागला. त्याला बाईंचा राग होता. त्याच्या ठेल्याशेजारीच गुपचुपची गाडी लागे. आमच्याकडे पाणीपुरीला गुपचुप म्हणतात. बाई आम्हाला त्या गाडीसमोरच्या झाडाखाली उभं करून म्हणत, "पाहा. बोलू नका, नुसतं पाहा." लोक गुपचुप खात. बहुतेक जण तोंड मोठं करून अख्खी आत टाकत. पण मध्येच एखादा तरणा माणूस गुपचुप आधी द्रोणात फोडायचा, पाणी सांडू द्यायचा आणि तुकडे तुकडे खायचा.

"तो काऊन फोडून राह्यला?" बाई हळूच विचारत.

"तिखट असेल."

"वनिता?"

"त्याचं तोंड उघडत नाई, बाई."

"हं. आता हे खरं आहे का ते कसं पाहशील?"

मग आम्हाला तीन बोटांची रीत शिकवली. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये घालायची. सहज गेली तर बरं. दोनच गेली तर डॉक्टरकडे जायचं. शेवटी बाई गाडीवर जात, एक गुपचुप घेत आणि आमच्याकडे तोंड करून अख्खी गिळत. "असं," म्हणत. गाडीवाला हसायचा. पानठेलेवाला हसायचा नाही.

पुढे बी.एस्सी.ला आल्यावर बाईंनी माझ्याच गावात सर्वेक्षणाचा सराव ठेवला. कोण काय खातं आणि कुणाचं तोंड किती उघडतं, एवढंच बघायचं होतं. वनिता आणि मी घरोघर फिरलो. कागद स्वच्छ अक्षरात लिहून बाईंच्या टेबलावर ठेवले. मनातून शाबासकीची वाट बघत होतो.

बाई बराच वेळ वाचत बसल्या. मग एका नावावर बोट ठेवलं. "या म्हाताऱ्याचं तोंड तीन बोटं उघडते? खर्रा खाते म्हणून लिहिलं, गाल आतून पांढरा म्हणून लिहिलं, अन् तीन बोटं?"

"गेली, बाई. मी पाहिलं," मी म्हणालो.

"बोटं कोनाची?"

मला आठवलं. आजोबा जाळ्यातून झिंगे निवडत होते, हात घाण होते. त्यांनी बाजूला बसलेल्या नातीला पुढं केलं होतं. तिनं खिदळत आपली बोटं आजोबांच्या तोंडात घातली होती. ती चौथीत असेल.

वनिताला हसू आवरेना. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पान उलटलं. "अन् हे का आहे? बायांच्या खाली सगळीकडे नाई, नाई, नाई. एकही बाई काही खात नाई?"

"नाई बाई. आम्ही सगळ्यांना विचारलं."

"कुठी विचारलं?"

"घरी."

"कधी?"

"संध्याकाळी."

"तेव्हा ओसरीवर कोन बसून होतं?"

सासरे बसून होते, नवरे बसून होते, आणि विचारणारा मी, गावातलाच पोरगा, त्यांच्यातल्या अर्ध्या जणींना मामी आणि काकू म्हणणारा. बाईंनी कागद परत दिले. "शून्य आलं की समजाचं, आपण विचारलंच नाई. सगळं बरोबर आलं की मले जास्त भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वनिताला एकटीला रोवणीवर, म्हणजे धानाच्या लावणीवर, पाठवलं. कागद नको म्हणाल्या. दिवसभर तिनं बायकांबरोबर धान रोवलं. परत आली तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. "बाई, दुपारी शेताच्या धुऱ्यावर जेवाले बसलो, अन् सगळ्यायनं कमरेतून डब्या काढल्या. गुडाखू. मलेबी देऊन राह्यल्या होत्या." गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाची काळी पेस्ट, बायका ती दातांना घासतात. घरातल्या पुरुषांना माहीत असतं आणि नसतं. माझी आईही त्यात होती. मी त्याच घरात लहानाचा मोठा झालो होतो आणि मला माहीत नव्हतं.

त्याच दिवशी वनितानं विचारलं, "बाई, तुम्ही जेवल्यावर डबीतून खाता ते का आहे?"

बाईंच्या पर्समध्ये एक पितळी डबी असे. जेवण झालं की अडकित्त्यानं एक तुकडा कातरून त्या गालात ठेवत. आम्ही रोज बघत होतो.

"सुपारी," बाई म्हणाल्या. "नुसती. तंबाखू नाई त्यात."

"मंग लिहू का?"

"मी काही तुमच्या गावची नाई," बाई म्हणाल्या आणि डबी मिटली. वनितानं माझ्याकडे बघितलं. आम्ही तो विषय परत काढला नाही.

मी दुसऱ्या वर्षाला असताना मुंबईच्या एका मोठ्या कॅन्सर संशोधन संस्थेची जाहिरात आली. जंगल भागातल्या, गरीब घरांतल्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात दोन महिने प्रयोगशाळेत शिकवणार, राहणं-जेवण त्यांच्याकडे. दुसरी कुणी शिक्षिका असती तर पेढे वाटले असते. बाईंनी जाहिरात खिडकीशी नेऊन वाचली, मागून वाचली आणि म्हणाल्या, "फुकट काऊन?"

त्याला कारण होतं. आमच्या आधीच्या वर्गातल्या संगीता नावाच्या मुलीला बाईंनी एका शहरात 'प्रयोगशाळा प्रशिक्षणा'ला पाठवलं होतं. तिथे तिच्याकडून चार महिने काचेची भांडी धुऊन घेतली आणि फरशी पुसून घेतली. घरी फोन केला की ती सगळं छान आहे म्हणायची. बाईंना शंका आली ती एवढ्याच गोष्टीवरून, की ती कधी कुरकुर करत नव्हती. त्या स्वतः जाऊन तिला घेऊन आल्या. ती मुलगी पुन्हा वर्गाला आली नाही. तिच्याबद्दल बोलताना बाई पेन्सिल टेबलावर ठेवून देत.

म्हणून मुंबईला फोन सुरू झाले. मुलं झोपणार कुठं? खोलीला आतून कडी आहे का? याआधी कोण आलं होतं, त्यांचा नंबर द्या. पलीकडचा माणूस वैतागलेला आम्हाला बाहेर ऐकू यायचा. मी अर्ज पाठवला, निवड झाली, आणि तरी बाई हो म्हणेनात. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला बाईंचाच संशय येऊ लागला. दुसऱ्या कुणाला पाठवायचं तर नाही ना यांच्या मनात? आईला मी तसं बोलूनही दाखवलं.

घरी वेगळंच चाललं होतं. पानठेलेवाल्याची गोष्ट गावापर्यंत पोचेस्तोवर वाढली होती. मुंबईला नेतात आणि किडनी काढून घेतात, असं आता लोक म्हणत होते. बाबा माझ्याशी त्यावर एक शब्द बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "त्या बाईले बलाव इथी."

बाई एसटीनं आल्या. बाबा तलावाच्या पाळीवर मोहाच्या झाडाखाली जाळं सांधत बसले होते. त्यांनी उठून पोतं अंथरलं. बाईंनी पोतं झटकलं, खाली मुंग्या आहेत का बघितलं आणि बसल्या. माझी सगळी पुढची वाट त्या दोघांच्या मध्ये होती आणि दोघंही पाण्याकडे बघत होते.

"बाई, पोराले कायले बलावून राह्यले ते?" बाबांनी सुरुवात केली. "मुंबईत पोरं नाई का?"

"मलेबी हेच वाटलं, भाऊ. म्हणून मी विचारलं त्यायले."

"मंग का म्हणले?"

"म्हणले, इकडची पोरं येत नाई म्हणून बलावतो. हे खरं आहे का, मले माहीत नाई."

बाबांचा हात थांबला. ते समजूत घालणाऱ्या बाईची तयारी करून बसले होते. "लोक म्हणतेत, किडनी काढतेत."

"तुम्ही म्हणान तं जाताना पोटाचा फोटो काढू, येताना काढू."

"फोटोत दिसते का?"

"दिसते."

बाबांनी त्यावर विचार केला. मग जाळ्यातली सुई खाली ठेवून त्यांनी मुद्द्याचं विचारलं. "अन् तुम्हाले का भेटते यातून?"

मला जमीन गिळेल तर बरं असं झालं. बाई मात्र पहिल्यांदा बाबांकडे वळून बसल्या. "हे बरं विचारलं. इतकी वर्षं झाली, कोनी नाई विचारलं मले. पाठीमागं बोलतेत, तोंडावर नाई." आणि त्यांनी संगीताची गोष्ट सांगितली. काही झाकलं नाही. "मी भरवसा ठेवला होता, भाऊ. फसली. पोरीचं शिक्षण माह्यामुळं सुटलं. म्हणून मी तुम्हाले हा चांगला आहे, पाठवा, असं म्हणत नाई. तुमचा संशय बरोबर आहे. पण संशय आहे म्हणून घरी बसाचं नसते. जाऊन पाहाचं असते."

बाबा म्हणाले, "मंग तुम्ही जा त्याच्यासंगं. तुम्ही पाहा. तुम्हाले बरं वाटलं तं ठेवा, नाई तं वापस आणा."

"तिकीट मी काढूनच आली," बाई म्हणाल्या.

बाबांनी जाळं पुन्हा मांडीवर घेतलं. निघताना त्यांनी बाईंना एक मरळ दिली. बाईंनी तिचा कल्ला उघडून ताजी आहे का बघितलं. बाबांना त्याचा राग आला नाही. उलट नंतर ते आईला म्हणाले, "बाई बराबर आहे."

मुंबईला आम्ही जनरल डब्यातून गेलो. बाई रात्रभर बॅगेचा पट्टा मनगटाला गुंडाळून बसल्या होत्या. सकाळी संस्थेत पोचल्यावर मोठे शास्त्रज्ञ स्वतः भेटायला आले. त्यांनी चहा मागवला. बाईंनी चहाला हात लावला नाही.

"हा इथी का करणार?" बाईंनी विचारलं.

शास्त्रज्ञ समजावू लागले, पेशी, काचा, रंग. बाईंनी मध्येच थांबवलं. "यंत्राले हात लावू देणार का याले, का फक्त पुसू देणार?"

ते हसले नाहीत, हे मला अजून आठवतं. म्हणाले, "चला, दाखवतो." मी बसणार ते टेबल बाईंनी बघितलं. सूक्ष्मदर्शकाच्या स्क्रूला हात लावून बघितला, तिथे सायकलचा नट नव्हता. वसतिगृहाची कडी लावून बघितली. मेसमध्ये वरण वाटीत ओतून बघितलं. आदल्या वर्षी तिथे शिकलेली आणि आता तिथेच काम करणारी एक मुलगी होती, तिला बाजूला जिन्यात घेऊन गेल्या आणि बराच वेळ बोलल्या. परत आल्या तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. मी पिशवी उचलून तयार उभा होतो, जायचं की राहायचं माहीत नसल्यामुळं.

फाटकापर्यंत मी त्यांना सोडायला गेलो. बाई म्हणाल्या, "ठीक वाटून राह्यलं." मग दोन पावलं जाऊन परत आल्या, कुलूप ओढून बघायला येत तशा. "म्हणून जास्त लक्ष ठेव. अन् कुरकुर करत जा. फोनवर सगळं छान आहे म्हटलं तं मी दुसऱ्या दिवशी इथी येईन."

दोन महिने मी दर रविवारी बाईंना फोन करून कशाची ना कशाची तक्रार केली. भात कच्चा होता, पंखा आवाज करतो, इंग्रजी समजत नाही. त्या "बरं" म्हणायच्या आणि त्यांच्या आवाजात समाधान असायचं. त्या उन्हाळ्यानंतर मी पुन्हा गेलो, मग एम.एस्सी., मग संशोधन. माझ्यामागून रविवारच्या वर्गातले आणखी दोघं आले. दोघांनाही सोडायला बाई स्वतः आल्या आणि दोन्ही वेळा त्यांनी कडी लावून बघितली. वनिता मुंबईला आली नाही. ती जिल्ह्याच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे, आणि आमच्या भागातल्या बायकांची तोंडं तिच्याइतकी कुणी पाहिली नसतील.

बाई आता निवृत्त आहेत. रविवारचा वर्ग चालूच आहे.

या दिवाळीनंतर मी गावी गेलो होतो. आमच्याकडे भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार आणि खाण्याच्या गाड्या असतात, रात्री नाटक असतं. बाई आणि वनिता दोघी आल्या होत्या. बाईंनी आईच्या हातचा चिवडा हुंगून खाल्ला, बाबांशी तलावाच्या लिलावाबद्दल बोलल्या, लिलावात काहीतरी गडबड आहे यावर दोघांचं एकमत झालं. संध्याकाळी आम्ही चौघं गुपचुपच्या गाडीवर गेलो. वनिता जुन्या सवयीनं म्हणाली, "पाहा. बोलू नका, नुसतं पाहा." आम्ही हसलो.

बाईंनी द्रोण पुढे केला. गाडीवाल्यानं गुपचुप ठेवली. बाईंनी ती अंगठ्यानं दाबून द्रोणात फोडली. पाणी त्यांच्या मनगटावरून ओघळलं. एक तुकडा त्यांनी तोंडात टाकला.

मी बघितलं. वनितानं बघितलं. आम्ही बघितलं हे बाईंनी बघितलं.

"पानी लय तिखट केलं यानं," बाई म्हणाल्या, पदर तोंडावर घेतला आणि बाबांना म्हणाल्या, "भाऊ, शेवटची एसटी सुटन माही." त्या गर्दीतून स्टँडकडे गेल्या. एकदाही मागे वळल्या नाहीत. हातात पर्स होती, आणि पर्समध्ये ती डबी असणार.

दोन दिवसांनी मुंबईला परत आल्यावर मी त्यांना हे पत्र पाठवलं. फोन त्यांनी उचलला नसता.

"आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार. मी सुखरूप पोचलो. मेसमधला भात अजून कच्चाच असतो.

गेल्या महिन्यात माझ्या कामाचा एक निकाल फार सुंदर आला होता. सगळ्यांनी अभिनंदन केलं. मला मात्र झोप येईना, म्हणून सगळं पुन्हा केलं. निरोगी आणि आजारी पेशींच्या काचा वेगवेगळ्या दिवशी रंगवल्या होत्या, फरक रंगाचा होता, आजाराचा नव्हता. सरांनी विचारलं, तुला शंका कशी आली? मी म्हणालो, मला कुणीतरी शिकवलं आहे.

बाई, मंडईतलं पाणी तिखट नव्हतं. मी त्याच हंड्यातलं प्यालो.

मी दिवसभर ज्या काचा बघतो त्यांतल्या काही अशा लोकांच्या आहेत ज्यांनी आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही. नुसती सुपारी. तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं की सुपारी एकटी पुरे असते. तुम्ही दुधावर संशय घेतला, पेपरावर घेतला, माझ्या मार्कांवर घेतला, मुंबईवर घेतला. त्या डबीवर काऊन नाही घेतला?

येत्या सोमवारी वनिता सकाळी तुमच्या घरी येईल. तिनं नागपूरला डॉक्टरांशी बोलून ठेवलं आहे. डॉक्टर चांगले आहेत की नाहीत ते तुम्ही जाऊन बघा, कडी लावून बघा, मग ठरवा. बाबाही सोबत येणार आहेत. मी त्यांना सांगितलेलं नाही, त्यांनी त्या दिवशी स्वतः बघितलं. ते म्हणाले, 'बाई माह्या पोरासाठी मुंबईले गेली, मी नागपूरले जातो.' डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्यांनी आत्तापासून पाठ केले आहेत. पहिला प्रश्न त्यांनी तुम्हाला विचारला होता तोच आहे: यातून तुम्हाले का भेटते?

तुम्ही हे वाचून लगेच फोन कराल आणि म्हणाल की तीन बोटं सहज गेली, कोणी यायची गरज नाही. तसं म्हणू नका. म्हणालात तरी मी गाडीत बसणारच आहे, मंगळवारी दुपारी नागपुरात असेन.

आणि आल्यावर आधी विचारीन, बोटं कोणाची?

आपला विद्यार्थी,
मारबते"